जुन्या ज्यूकबॉक्सचं टर्नटेबल: स्विच मारण्याआधी काय करायचं आणि नंतर काय करायचं

जुना ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवायचं मशीन, घरात आला की सगळ्यात आधी एक गोष्ट करायची नाही, ती म्हणजे प्लग बोर्डात घालून स्विच मारणं. मोह होतो, मला माहितीय, शेजारचे पाचसहा जण गोळा झालेले असतात, कोणीतरी म्हणतंच "चालस का भो हाई?", आणि मग तिथेच सगळा घात होतो. वीसतीस वर्षं बंद पडलेल्या मशीनमध्ये ग्रीस वाळून दगड झालेलं असतं, रबर कडक झालेलं असतं, कंडेन्सर सुकलेले असतात. अशा अवस्थेत मोटर फिरायला बघते, फिरता येत नाही, गरम होते, वाइंडिंग जळतं, आणि जे काम थोडं रॉकेल आणि ब्रश यात झालं असतं त्याला आता मोटर रिवाइंड करणारा शोधावा लागतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यूकबॉक्सचं टर्नटेबल मोडत फार कमी, अडकतं जास्त. त्यामुळे पार्ट बदलायची घाई नको, आधी साफसफाई, मग तेलपाणी, मग करंट, आणि अ‍ॅडजस्टमेंटचे स्क्रू एकदम शेवटी. हा क्रम पाळला तर निम्म्याहून जास्त "बिघाड" आपोआप गायब होतात.

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे गाण्याचं साधन म्हणजे लग्नातला भोंगा, लाऊडस्पीकरवाल्याचा रेकॉर्ड चेंजर (एकामागून एक तबकडी आपोआप लावणारा प्लेअर) आणि सधन घरातला रेडिओग्राम. ज्यूकबॉक्स मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतली वस्तू, नाणं टाका, बटण दाबा, गाणं ऐका. आता इकडे जे येतात ते तिकडच्या भंगारातून नाहीतर जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून. म्हणून मशीनचा इतिहास विक्रेत्याला विचारत बसू नका, मशीन उघडा, तेच सांगतं. आणि ज्यांच्याकडे ज्यूकबॉक्स नाही पण लाऊडस्पीकरवाल्या आजोबांचा जुना चेंजर माळ्यावर पडलाय, त्यांनी पण वाचा, कारण रबर व्हील, मोटर, बेअरिंग, सुई हे सगळं तसंच आहे.

आधी मशीन ओळखा

अमेरिकेत मोठी नावं चार, सीबर्ग, वुर्लिट्झर, रॉक-ओला आणि एएमआय. सीबर्गने १९४८ मध्ये शंभर गाण्यांचं मशीन काढलं ते ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्यांचं, आणि १९५० मध्ये ४५ आरपीएमच्या छोट्या तबकड्यांचं. सीबर्गमध्ये तबकडी उभी वाजते, रुळावरून सरकणारी गाडी ती रॅकमधून काढते आणि मधोमध पकडून फिरवते. त्याची रचना बरीच वेगळी, त्यासाठी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधाच, नेटवर स्कॅन सापडतात. रॉक-ओलासारख्या मशीनमध्ये ग्रिपर आर्म तबकडी उचलतो आणि आडव्या टर्नटेबलवर ठेवतो, गाणं संपलं की परत जागेवर नेतो. मी इथे मुख्यतः या आडव्या, रबर व्हीलवर चालणाऱ्या टर्नटेबलबद्दल लिहितोय.

मागच्या बाजूला पत्र्याची प्लेट असते, तिच्यावर व्होल्ट आणि सायकल (म्हणजे विजेचे हर्ट्झ) लिहिलेलं असतं. ११७ व्होल्ट ६० सायकल लिहिलं असेल तर माल अमेरिकेचा. २२० व्होल्ट ५० असेल तर युरोपसाठी बनलेला किंवा आधीच बदललेला. हा फोटो काढून ठेवा, पुढे सगळं यावर अवलंबून आहे.

फोटो आणि हाताने एक फेरी

प्लग काढलेला आहे ना हे दोनदा बघा. मग मोबाइलवर फोटो, भरपूर, प्रत्येक स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलीय, कुठलं वॉशर कुठल्याच्या वर, कुठली वायर कुठल्या टर्मिनलला. स्प्रिंगांचे फोटो दोन बाजूंनी काढा. सर्कलिप काढताना एक हात आडवा धरा नाहीतर ती उडून कुठे जाईल याचा पत्ता लागत नाही, आणि स्टीलच्या ताटात काम करा म्हणजे पडलेली वस्तू वाजते तरी.

आता मोटरची शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत मेकॅनिझमची पूर्ण फेरी करून बघायची. ग्रिपर वर आला का, तबकडी ठेवली का, सुईचा आर्म आत आला का, परत गेला का. जिथे जड लागेल तिथे थांबा, जोर लावायचा नाही. त्या जागेवर बारीक चिठ्ठी चिकटवा. नव्वद टक्के वेळा तिथे कास्टिंगच्या खोबणीत तपकिरी, चिकट, वाळलेलं ग्रीस दिसेल, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो. हेच ते ज्याला लोक "गिअर गेला" म्हणतात.

साफसफाई

धातूच्या भागांसाठी रॉकेल उत्तम, मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. पेट्रोल नको, बंद खोलीत तर अजिबातच नको. थिनर पण नको, मशीनवरचा रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं. जुना दातांचा ब्रश, कापूस गुंडाळलेल्या काड्या, आणि खोबणीसाठी बांबूची टोकदार काडी, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका कारण पितळ आणि झिंक कास्टिंगवर ओरखडा पडला की तो भाग पुढे कायम अडकतो. रबराला रॉकेल लागू देऊ नका, रबर फुगतं. रबरासाठी आणि पुलीसाठी वेगळं आयसोप्रोपिल अल्कोहोल ठेवा, मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच, जळगावात गोलाणी मार्केटला सहज मिळून जाईल.

डब्ल्यूडी फॉर्टी मारून मोकळे होणारे बरेच जण आहेत. त्याने जाम झालेलं सुटतं हे खरं, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, उडून जातं आणि मागे जे राहतं त्यावर धूळ बसते. सुटं करायला वापरा, मग पुसून काढा, मग योग्य तेल घाला. आणि खोबरेल, एरंडेल, स्वयंपाकाचं कुठलंही तेल मशीनमध्ये घालू नका, ते हवेत राहून घट्ट चिकट होतं आणि मग सगळं पुन्हा उघडावं लागतं.

तेल घालायचं ते थेंबाने, सुईच्या टोकाने. दात्यांवर आणि सरकत्या कॅमवर पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर. रबर लागेल अशा कुठल्याही जागेजवळ तेलाचा हात नेऊ नका.

कॉन्टॅक्ट, म्हणजे ते छोटे स्विच ज्यांच्या पत्त्या एकमेकींना टेकतात, ते कानशीने घासायचे नाहीत. त्यांच्यावर बहुतेक चांदीचा मुलामा असतो, तो गेला की गेला. अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी, लग्नपत्रिकेचा तुकडा मस्त चालतो, दोन पत्त्यांच्या मध्ये घालून हलकं दाबून ओढायची. कागद काळा निघायचा थांबला की झालं.

थाळीचं बेअरिंग

थाळी, म्हणजे तबकडी जिच्यावर फिरते ती, काढली की मधला दांडा आणि त्याची विहीर दिसते. तळाशी बहुतेक एक पोलादी छर्रा असतो किंवा फायबरचं, नायलॉनचं वॉशर, त्यावर सगळी थाळी तोललेली असते. दांडा काढताना छर्रा दांड्याला चिकटून बाहेर येतो आणि टेबलाखाली जातो, म्हणून खाली कापड पसरा. विहीर आतून कापसाने पुसा, छर्रा उजेडात फिरवून बघा, एका जागी सपाट झाला असेल तर सायकलच्या दुकानातून त्याच मापाचा नवीन घ्या. छर्‍याखाली तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस, दांड्याला पातळ तेल. बसवल्यावर थाळी बोटाने ढकलून बघा, आवाज न करता बराच वेळ फिरत राहिली पाहिजे आणि हळूहळू थांबली पाहिजे. झटक्यात थांबली तर अजून घाण आहे.

रबर व्हील, सगळ्या आवाजाचं मूळ

मोटरच्या शाफ्टवर पितळी पुली, तिला टेकलेलं रबराचं चाक, आणि त्या चाकाला टेकलेली थाळीची आतली कड. बस एवढीच यंत्रणा. याला आयडलर म्हणतात, आपल्याकडे सरळ रबर व्हील. गाण्यात धप-धप, घरघर, सूर हलणं, यातलं निम्मं तरी या चाकामुळे होतं.

चाक हातात घ्या आणि कडेवर नख दाबा. नख किंचित रुतलं आणि लगेच भरून आलं तर रबर जिवंत आहे. नख घसरलं, कड चकाकत असली तर रबर वरून कडक झालंय. चाक आडव्या काचेवर उभं धरून हळूच फिरवा, कुठे सपाट जागा असेल तर तिथे अडखळतं. ही सपाट जागा पडते कशी? मशीन बंद असताना चाक पुलीला दाबून ठेवलेलं राहिलं की. महिनोनमहिने एकाच जागी दाब, रबराला खड्डा.

वरून कडक झालं असेल तर आधी अल्कोहोलने पुसा, मग चाक ड्रिलच्या चकमध्ये एखाद्या बोल्टवर घट्ट बसवून कमी स्पीडला फिरवा आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी पट्टीवर गुंडाळून हलका टेकवा. काळी भुकटी निघेल, खालचं ताजं रबर दिसलं की थांबा. इथे बरेच जण घाबरतात की चाक लहान झालं तर स्पीड बदलेल. नाही बदलत. चाक मधला निरोप्या आहे, पुलीच्या कडेचा वेग ते जसाच्या तसा थाळीच्या कडेला देतं, त्याचा स्वतःचा व्यास हिशेबातून निघून जातो. स्पीड ठरते ती फक्त मोटरचे फेरे, पुलीचा व्यास आणि थाळीच्या आतल्या कडेचा व्यास यावर. त्यामुळे निर्धास्त घासा, फक्त गोल राहू द्या.

खड्डा खोल असेल किंवा रबराला भेगा असतील तर नवीन रबर चढवावं लागतं. छापखान्याच्या रोलरला रबर चढवून देणारे लोक हे काम करतात, त्यांना सांगा की नायट्राइल चढवा, मऊ चढवा, आणि शेवटी लेथवर मूळ मापाला टर्न करून द्या. दुसरा रस्ता म्हणजे धातूच्या चाकाच्या कडेला खोबण पाडून त्यात ओ-रिंग बसवायची, बेअरिंगच्या दुकानात शेकडो मापांच्या मिळतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवलेलं चाक मी लोकांकडे पाहिलंय, जोडावर गाठ येते आणि प्रत्येक फेऱ्याला "टक" ऐकू येतं, ते करू नका. राळ लावणं पण नको, दोन दिवस पकड येते आणि तिसऱ्या दिवशी पुलीवर खपली धरते.

चाकाच्या स्वतःच्या बुशला एकच थेंब तेल, आणि बाहेर आलेलं पुसून. चाक ओढून धरणारी स्प्रिंग सैल वाटली म्हणून कापू किंवा ताणू नका. पुली, चाकाची कड आणि थाळीची आतली कड या तिन्ही जागा शेवटी अल्कोहोलने पुसल्या की मग बोटसुद्धा लावायचं नाही, बोटाचा घाम पण तेलच आहे.

मोटर, आणि ६० चं ५० करणं

मोटरची दोन बुशं असतात, वर आणि खाली, बहुतेक तेल पिणाऱ्या सच्छिद्र ब्राँझची. मोटर उघडता येत असेल तर उघडून साफ करा, बुशाभोवतीच्या नमद्याला हलक्या मशीन ऑइलचे थेंब द्या, शिलाई मशीनचं तेल पातळ असतं पण अडीनडीला चालतं. मोटर ज्या रबरी ग्रोमेटवर टांगलेली असते ते दाबून बघा, लाकडासारखे झाले असतील तर बदला, कारण मोटरची थरथर तिथूनच चौकटीत आणि तिथून सुईत जाते. मऊ रबराचेच घ्या.

आता खरी अडचण. अमेरिकेची वीज ६० सायकलची, आपली ५०. मोटरची स्पीड मुख्यतः सायकलवर चालते, व्होल्टवर नाही. म्हणजे २३० चं ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी ४५ ची तबकडी ३७.५ नेच फिरणार. ४५ गुणिले ५० भागिले ६०, करून बघा. गाणं सहा मिनिटांऐवजी सव्वासात मिनिटं चालतं आणि सूर तीन पट्ट्या उतरतो, काळी पाचचं गाणं सरळ पांढरी पाचवर. लोक म्हणतात "मोटर थकली". थकली नाहीये भो, देश बदलला.

इलाज म्हणजे पुली. ज्या भागावर चाक टेकतं त्याचा व्यास १.२ पट करायचा. मूळ १० मिलिमीटर असेल तर १२. व्हर्निअरने चाक टेकतं त्याच जागी मोजा, टोकाला नाही. लेथवाल्याला पितळ द्या आणि सांगा की आतलं भोक आणि बाहेरची कड एकाच सेटिंगमध्ये काढ, मध्ये चकमधून काढू नको. जळगाव एमआयडीसीत असं बारीक काम करणारे हात भरपूर आहेत, पण हे वाक्य बोलून घ्या, कारण पुली किंचित जरी तिरकी फिरली तरी सूर लहरतो आणि मग दोष रबरावर जातो. पुली मोठी झाल्यावर चाकाची जागा थोडी सरकते, ते मोकळं सरकतं ना हेही तपासा.

दुसरी गोष्ट, जी बहुतेक जण सोडून देतात. ६० साठी बनलेल्या मोटरला ५० वर पूर्ण ११७ व्होल्ट दिले तर ती जास्त करंट ओढते आणि तापते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी हवं, म्हणजे ९७-१०० च्या आसपास. ट्रान्सफॉर्मर बांधून घेतानाच १०० व्होल्टचं वेगळं टॅपिंग मागा, चार पैसे जास्त जातील पण मोटर वाचेल. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून हात लावा, कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर बंद करा.

पहिला करंट

आधी वायरी बघा. जुन्या रबरी आणि कापडी वायरी वाकवल्या की इन्सुलेशनचे तुकडे पडतात, अशा सगळ्या बदला. मेनची वायर तीन पिनची करा आणि हिरवी वायर लोखंडी चौकटीला घट्ट स्क्रूने. उंदरांनी कुठे कुरतडलंय का ते टॉर्चने शोधा, कॅबिनेटच्या तळाच्या कोपऱ्यात बहुतेक सापडतं.

मग सिरीज बोर्ड. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे असतो, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब मशीनच्या सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडात पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. कॉलेजच्या लॅबमध्ये कोणी ओळखीचं असेल आणि डिमरस्टॅट मिळाला तर अजून बरं, हळूहळू चढवता येतं.

टर्नटेबलची मोटर तपासताना अ‍ॅम्प्लिफायर वेगळा काढून ठेवा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर त्यात ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतो. ज्याला हे काम येत नाही त्याने आत हात घालायचा नाही, हे मी कळकळीने सांगतोय, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या जाणत्या माणसाकडे द्या. तो जुने इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कंडेन्सर बदलूनच देईल.

स्पीड बघणं

सोपी पद्धत म्हणजे थाळीच्या कडेला कागदाचा पांढरा तुकडा चिकटवा आणि एक मिनिट मोजा, ४५ यायला पाहिजेत. बारीक बघायचं तर स्ट्रोब डिस्क, म्हणजे रेघा छापलेली चकती. ५० सायकलच्या विजेवर चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून ४५ साठी १३३ रेघांची चकती लागते आणि ३३ साठी १८० रेघांची. रेघा स्थिर दिसल्या की स्पीड बरोबर. नेटवरून प्रिंट काढताना ५० सायकलचीच घ्या, ६० ची घेतली तर सगळा हिशेब चुकतो. आणि एलईडी बल्बखाली बघू नका, बऱ्याच एलईडी तशा लुकलुकत नाहीत, जुनी ट्यूब हवी. मोजताना तबकडी थाळीवर आणि सुई तबकडीवर टेकलेली असू द्या, मोकळ्या थाळीची स्पीड काही कामाची नाही.

आर्म आणि सुई

इथे वेळ द्या. मशीन तुम्ही पुन्हा जुळवू शकता, पण खराब सुईने एकदा खरवडलेली तबकडी कोणीही दुरुस्त करू शकत नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या तबकड्या आता दुसऱ्या मिळत नाहीत.

आर्म आधी मोकळा आहे का बघा, आडवा आणि उभा, फुंकर मारल्यावर हलला पाहिजे. बेअरिंगमध्ये तेल घालू नका, फक्त साफ करा. मागून निघणाऱ्या केसासारख्या वायरी ताठ झाल्या असतील तर त्याच आर्मला ओढून धरतात, त्या बदलताना तशाच बारीक, मऊ वायरी वापरा.

मग कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाची ती डबी जिला सुई लावलेली असते. दोन जाती, सिरॅमिक आणि मॅग्नेटिक. सिरॅमिकचा आवाज मोठा असतो पण आतलं रबर कडक झालं की सुई हलत नाही आणि तबकडी कापली जाते. मॅग्नेटिकचं आउटपुट काही मिलिव्होल्ट, त्याला वेगळा फोनो प्रीअँप, म्हणजे तो बारीक सिग्नल आधी वाढवणारं सर्किट, लागतो. एकाच्या जागी दुसरं बसवताना हे विसरलात तर एकतर आवाजच येणार नाही किंवा नुसता फाटका येईल. सुईचं टोक पण बघा, ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई, आणि ४५-३३ ला १ मिल किंवा त्याहून बारीक. उलटसुलट वापरली तर खाच खराब होते.

टोक तपासायला सराफाचं भिंग. जळगावसारख्या सोन्याच्या गावात राहून हे सोडायचं कशाला. दहा पटीच्या भिंगाखाली टोक बाजूने चपटं किंवा छिन्नीसारखं दिसलं तर फेकून द्या, बारीक झीज मात्र एवढ्या भिंगाने दिसत नाही. नीलमाची सुई तासांच्या हिशेबात लवकर झिजते, हिऱ्याची कितीतरी पट टिकते, म्हणून पैसे घालायचे तर हिऱ्यातच.

आणि दाब मोजायला पण सराफाचाच काटा. आमच्या इथल्या सराफाकडे मी आर्मचा सगळा खटाटोप घेऊन गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे काटा काचेच्या पेटीतून बाहेर काढला, शून्य केला आणि म्हणाले, "ठेवा आण्णा, इथे गुंजभर पण लपत नाही." तसा छोटा डिजिटल काटा, ०.०१ ग्रॅमचा, आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सुई काट्यावर टेकवताना उंची तबकडीएवढीच ठेवा, जास्त उंचीवर आकडा चुकतो. ज्यूकबॉक्समध्ये दाब घरच्या प्लेअरपेक्षा जास्त असतो, ४-५ ग्रॅम नेहमीचं, पण शेवटी कार्ट्रिज बनवणाऱ्याने जो आकडा दिलाय तोच खरा. सुई उडते म्हणून वर पैसा चिकटवणं, हे लाऊडस्पीकरच्या काळातलं दुखणं अजून चालू आहे. सुई उडत असेल तर आर्म अडकतोय, टर्नटेबल तिरकं आहे किंवा टोक गेलंय, ते शोधा. पाणसळ थाळीवर दोन्ही दिशांनी ठेवा, फरशी उंचसखल असेल तर मशीनच्या पायाखाली प्लायचे तुकडे द्यावे लागतात.

सुई कुठे पडते आणि कुठे उठते

आता कुठे स्क्रूला हात लावायचा. प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशने रेघ मारा म्हणजे मूळ जागा हरवत नाही. मग अष्टमांश फेरा, एक फेरी चालवून बघा, पुन्हा अष्टमांश. सुई बाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर उतरली पाहिजे, गाण्यात नाही आणि कडेच्या बाहेर तर नाहीच. उतरण्याचा वेग पण बघा, धपकन पडत असेल तर डॅम्पर किंवा कॅमवर घाण राहिलीय.

शेवटी आर्म आत आला की ट्रिप स्विच दबतो आणि तबकडी परत जाते. आपल्याकडच्या सात इंची ईपीवर एका बाजूला दोन-दोन गाणी असतात, खाचा अगदी लेबलजवळपर्यंत जातात. एका गाण्याच्या अमेरिकन तबकडीवर सेट केलेला ट्रिप आपल्या ईपीचा शेवटचा अंतरा खाऊ शकतो. तुमच्याकडची सगळ्यात भरगच्च तबकडी लावून सेटिंग करा.

मोठ्या भोकाचा प्रश्न

ज्यूकबॉक्सला दीड इंचाचं, ३८ मिलिमीटरचं भोक लागतं आणि आपल्या बऱ्याच ईपींना बारीक भोक आहे. काहींना मधला तुकडा मोडून काढायची सोय असते, ते बरं. बाकीच्या कापायच्या तर त्यासाठी मधला खुंटा असलेला पंच लेथवर बनवून घ्या, म्हणजे जुन्या भोकावरच नेम बसतो. ड्रिलला होल-सॉ लावून अंदाजाने कापलेली तबकडी वाकडी फिरते. अर्धा मिलिमीटर जरी केंद्र सरकलं तरी आतल्या गाण्याच्या सुरात पाऊण टक्क्याहून जास्त फरक दर फेऱ्याला वरखाली होतो, लांब आलाप, बासरी, व्हायोलिन असेल तर लगेच कानाला टोचतं. आणि दुर्मिळ तबकडी कापूच नका, अहिराणी, कव्वाली, जुनी लावणी, जे पुन्हा छापलं जाणार नाही ते घरच्या हलक्या प्लेअरवर वाजवा, ज्यूकबॉक्सला ज्यांच्या दोन-तीन प्रती आहेत त्या द्या.

धुताना डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं. ७८ च्या लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीच लावायचं नाही, लाख त्यात विरघळते.

आपल्या हवेत सांभाळणं

भुसावळ-जळगावचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, काचेच्या झाकणाखाली, ऊन येणाऱ्या खिडकीजवळ ज्यूकबॉक्स ठेवला तर आतल्या तबकड्या वाकतात, आणि वाकलेली तबकडी ग्रिपरमध्ये अडकली की ती पण गेली आणि ग्रिपर पण. एप्रिल ते जून तबकड्या काढून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत उभ्या ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. रॅकमधल्या खाचांना नंबर असतात, तबकड्यांच्या कव्हरवर तेच नंबर पेन्सिलने टाका म्हणजे परत लावताना शोधाशोध नाही.

लाइट जाते तेव्हा काय होतं हे समजून घ्या. गाणं चालू असताना लाइट गेली की मशीन आहे त्या जागी थांबतं, सुई तबकडीवर आणि रबर व्हील दाबलेलं. दहा मिनिटांत आली तर काही नाही. रात्रभर येणार नसेल तर मेन स्विच बंद करा, मोटरची शाफ्ट हाताने फिरवत फेरी पूर्ण करा, सुई उचलली गेली पाहिजे. चाक पुलीपासून सुटं करायचा लिव्हर असेल तर सुटं करून ठेवा. कायम दाबलेलं राहणारं डिझाइन असेल तर आठवड्यातून एकदा थोडा वेळ चालवा, नाहीतर निदान थाळी हाताने पाव फेरा सरकवा. इन्व्हर्टरवर चालवायचं तर साइन वेव्हचाच, स्क्वेअर वेव्हवर मोटर तापते आणि स्पीकरमध्ये हम येतो. शेतीच्या लाइनवर व्होल्टेज फार पडत असेल तर स्टॅबिलायझर लावा, इंडक्शन मोटर कमी व्होल्टवर थोडी मंदावते आणि सुरुवातीला जोर करत नाही.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत कापसाची लव असते, विशेषतः जिनच्या आसपास राहणाऱ्यांना माहितीय, सकाळी पुसलेलं दुपारी पांढरं. ही लव ग्रीसला चिकटते आणि सुईच्या टोकाला गोळा होते, मग आवाज दबका येतो आणि लोक अ‍ॅम्प्लिफायर उघडतात. त्या दिवसांत मऊ ब्रशने सुई मागून पुढे, कधीच बाजूने नाही, रोज झटका. कॅबिनेटच्या मागच्या जाळीला आतून पातळ मलमल लावली तर बरीच लव अडते, पण व्हॉल्व्हच्या वरची हवा अडवू नका.

पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या असतात त्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळ्या होतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत घर असणाऱ्यांनी स्प्रिंगांवर गंज बघत राहा, पातळ तेलाच्या कापडाने एक हात फिरवला तरी पुरतं.

आणि दर वर्षी एकदा, पोळ्याच्या सुमारास म्हणा किंवा दसऱ्याला शस्त्रं पुसताना, एवढं करा: पुली, चाक आणि थाळीची कड अल्कोहोलने पुसा, मोटरच्या बुशांना दोन-दोन थेंब, सुईचा दाब पुन्हा काट्यावर, सगळे स्क्रू फक्त बघा, पिळू नका. ज्या तारखेला काय केलं ते कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्यानंतर हे मशीन जो उघडेल त्याला पुलीचं मूळ माप, नवीन माप आणि ट्रान्सफॉर्मरचं टॅपिंग एका नजरेत दिसलं पाहिजे.